भिमाबाईची टिचबटणांची पट्टी

आधीच सांगून ठेवते, मला मधे टोकलेलं चालत नाही. छत्तीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि "बाई, पण असं कसं होईल?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले. असं कसं, ते मी सांगणारच आहे. जेवढं सांगता येतं तेवढं सांगते. उरलेलं मलाही येत नाही, तेव्हा गप ऐका.

आमच्या लोणारात तळ्याकडे उतरायच्या वाटेवर, शेवटून तिसरं घर भिमाबाईचं. पायमशीनवर कपडे शिवायची. उंच, हाडकुळी बाई, तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे बोलायची ते ओठाच्या एका कोपऱ्यातून. पण काय बोलायची! कुणी बाई झंपर घट्ट झाला म्हणून भांडायला आली की म्हणायची, "माप वाढलं ते तुहं, मशीनले काऊन बोलतेस? चार दिवस उपाशी राह्य, बरोब्बर बसते." तरी बाया तिच्याकडेच यायच्या. हाताला सफाईच तशी होती.

माझी माय, गोजरबाई, तिच्याकडून कपडे शिवून घ्यायची, पण तिच्या घरचं पाणी प्यायची नाही. आम्ही कुणबी, त्या बौद्ध. मी मात्र प्यायची. गटागटा प्यायची आणि वर घरी येऊन सांगायची. त्यापायी दोनदा उलथन्यानं मार खाल्ला. मी भिमाबाईला मावशी म्हणायची, त्याचाही मायला राग. असो. माय गेली आता, भांडू कुणाशी?

भिमाबाईची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून तिसरं झालं तेव्हा त्याचं नाव कचरू ठेवलं. असं नाव ठेवलं की मरण तिकडं ढुंकून पाहत नाही, असं आमच्याकडे मानतात. कचरू वाचला, वाढला, एकोणिसाव्या वर्षी फौजेत गेला. सिग्नलमध्ये. तारेवरून, रेडिओवरून निरोप पाठवायचे, हे त्याचं काम. एकसष्ट साली दोन महिन्यांच्या रजेवर आला. त्याच रजेत त्याचं लग्न झालं, मुलगी अन्नपूर्णा. आणि त्याच रजेत त्यानं आईसोबत बसून त्या पट्ट्या केल्या.

पट्ट्या म्हणजे काय, नीट समजून घ्या. आमच्या शाळेतले वामनराव सर विज्ञान शिकवायचे, पण शाळेत सामान म्हणावं तर एक फुटकं भिंग. ते कचरूला म्हणाले, "पोरांच्या हाताला काही तरी लागू दे बाबा." कचरूनं डोकं लढवलं. फौजेच्या जुन्या खाकी पँटी कापून वीतभर चौकोन केले. एका चौकोनावर टॉर्चचा बल्ब, दुसऱ्यावर सेल ठेवायची खोळ, तिसऱ्यावर बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचा चाप, दाबला की जोडलं जाणारा. चौथ्यावर तारेचं भेंडोळं आणि पत्र्याची जीभ, वीज गेली की ती घूं करायची. त्याला आम्ही पोरं गुणगुण्या म्हणायचो. प्रत्येक चौकोनाच्या दोन्ही टोकांना टिचबटण. झंपराला लावतात तेच. आतून भिमाबाई तांब्याची बारीक तार दोऱ्यासोबत शिवून घ्यायची. एका चौकोनाचं बटण दुसऱ्याच्या बटणावर दाबायचं, टिच् आवाज आला की जोड पक्का. सोल्डर नाही, पाना नाही. पाहिजे तशी पट्टी जोडा, पाहिजे तशी सोडा. आज शहरात हजार रुपयांना खोक्यात विकतात ना तसलं सामान, ते आम्ही लोणारात खाकी पँटीवर शिकलो.

आणखी एक वस्तू त्यानं आईसाठी वेगळी केली, बिनसेलचा रेडिओ. बांबूच्या नळीवर तार गुंडाळलेली, एक क्रिस्टल, आणि फौजेच्या जुन्या सामानातला कानाला लावायचा काळा हेडफोन. त्याला सेल लागत नाही. छपरापासून कडुनिंबापर्यंत लांब तार बांधली, तिच्यावर जे येईल तेच कानात. संध्याकाळी कधी नागपूर स्टेशन यायचं, तेही कुणी विहिरीच्या तळातून बोलावं तसं. दिवसा काहीच नाही. दुपारी तर तो हेडफोन कानाला लावला की आपल्याच रक्ताची गूंऽऽ ऐकू यायची.

भिमाबाईला सही येत होती, जेमतेम मराठी वाचता येत होतं. कचरूनं तिला तारेची भाषा शिकवली ती टाक्यांत. आखूड टाका आणि लांब टाका. फडक्यावर शिवून दाखवायचा. पहिला धडा, "आई". इंग्रजीत दोनच अक्षरं त्याची, ए आणि आय. एक आखूड, एक लांब. मग दोन आखूड. झाली आई. आणि हा शहाणा, सुरुवात करायच्या आधी दर वेळी दोनदा टक्-टक् करायचा, मग थोडा थांबायचा, मग शब्द. रात्रपाळी करून आलेला माणूस दार वाजवतो तसं. पुस्तकात ते नाही. ती त्याची स्वतःची खोड. पण भिमाबाईला वाटलं, शब्द असाच असतो. आधी दार वाजवायचं, मग हाक मारायची.

बासष्टच्या हिवाळ्यात नेफात, ईशान्येच्या सीमेवर, चीनशी लढाई झाली. कचरू बेपत्ता, अशी तार आली. वर्षानं एक कागद आला, की तो मृत मानण्यात येत आहे, खाली आईनं सही करून पाठवावी. भिमाबाईनं तो कागद मशीनच्या खणात बॉबिनखाली ठेवला आणि शिवत राहिली. रडली असेल तर कुणी पाहिलं नाही.

पट्ट्या मात्र तिनं थांबवल्या नाहीत. वामनराव सर मेहकरहून तार आणून द्यायचे, ती चौकोन शिवून शाळेला द्यायची. आठवड्यातून दोनदा आम्हा पाच-सहा पोरापोरींना ओट्यावर बसवून शिकवायचीसुद्धा. गुणगुण्या मात्र करायला किचकट, तिनं तीनच केले. दोन शाळेच्या कपाटात, सरांच्या कुलुपात. तिसरा उरल्यासुरल्या तारेचा, तो तिनं चाप आणि सेलच्या खोळीसकट मला दिला. मी तिची लाडकी होते, का ते विचारू नका. बहुतेक मी तिच्याइतकीच तोंडाळ होते म्हणून. "घे वं अंबे," म्हणाली, "पह्यले आई शीक. ते चुकलं तं कान पिळीन." आणि शिकवलं. टक्-टक्. थांब. एक आखूड, एक लांब. दोन आखूड. मला काय माहीत, त्यातलं शब्द किती आणि दार वाजवणं किती?

हे साल चौसष्ट. मी बारा वर्षांची.

आता अन्नपूर्णेचं ऐका. नवऱ्यासोबत तिचा संसार दोन महिन्यांचा. चौसष्टमध्ये ती एकोणीस वर्षांची. सासूसोबत राहायची, झंपरांना हुक-बटणं लावायची, हळू बोलायची. सासू-सुनेचं वितुष्ट म्हणाल तर बिलकुल नाही. भिमाबाईनंच आपण होऊन म्हटलं होतं, "वर्ष गेलं की मीच तुले उजवून देईन. तुहं वय हाये का असं बसून राहायचं?" तिनंच अन्नपूर्णेच्या मामाला निरोप धाडला. मामानं हिवऱ्याचे पंजाबराव म्हणून मास्तर पाहिले. चांगला माणूस. अन्नपूर्णेनं एकदा त्यांना खिडकीतून पाहिलं आणि दिवसभर चुकीच्याच जागी बटणं लावत बसली. मी पाहिलं ना! हसले तर तिनं मला चिमटा काढला.

ठरलं असं, की भिमाबाई त्या कागदावर सही करणार, आणि मग लग्न. श्रावणात एके दिवशी तिनं खणातून कागद काढला. पेन काढला. दुपारचे बारा वाजले होते. अन्नपूर्णा समोर बसली होती, तिनंच मला पुढं हे सांगितलं. भिमाबाईला काय वाटलं कोण जाणे, म्हणाली, "एक डाव त्याचं कानाले लावते, मंग करते सही." आणि तो हेडफोन कानाला लावला.

मग ती बसूनच राहिली. तोंडातल्या टाचण्या मांडीवर पडल्या.

अन्नपूर्णा म्हणाली, "आई, काय झालं?" भिमाबाईनं हात वर केला, थांब. मग कान मोकळा करून हेडफोन तिच्या कानाला लावला. आत खरखर होती. खर्, खर्. मग थोडं थांबून खर्, खर्रर्र. खर्, खर्. पुन्हा तेच. पुन्हा तेच. अन्नपूर्णेला तारेची भाषा येत नव्हती, पण नवरा रजेत चहाच्या कपावर नखानं काय वाजवायचा ते ती ओळखत होती. तिनं हेडफोन कानावरून ओढून काढला.

"दार वाजवून राह्यला," भिमाबाई म्हणाली. कागद पुन्हा बॉबिनखाली गेला.

त्या दिवसापासून रोज दुपारी बाराला तिची मशीन थांबायची. सबंध गल्लीला कळायचं, कारण त्या मशीनचा खडखडाट दिवसभर असायचा. तो बंद झाला की तळ्याच्या बाजूनं एकदम सुन्न व्हायचं. आमच्या तळ्याची दुपार तुम्ही पाहिली नसेल. खाली हिरवट पाणी, त्याचा तो कुजका-खारट वास वर येतो, मोर असले तरी ओरडत नाहीत, आणि कडेवर उभं राहून बोललेला शब्द दुसऱ्याच कुणीतरी बोलल्यासारखा परत येतो. त्या सुन्नपणात भिमाबाई काळा हेडफोन लावून दाराकडे तोंड करून बसायची. आणि मधूनच, सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात त्या अंगुस्तानानं मशीनच्या लोखंडावर टक्-टक् करायची. जबाब द्यायची. "ये," म्हणायची, "उघडंच हाये."

पहिले आठ दिवस लोकांनी कीव केली. मग घाबरले. बाया बारा वाजता तिच्या दारावरून जायच्या नाहीत. कुणी म्हणालं, तळ्यातलं काही तरी तारेवर चढलंय. माझी माय म्हणाली, "त्या घराकडे फिरकलीस तं तंगडी तोडीन." मी फिरकले. पण आत खोल कुठं तरी मलाही भ्या वाटायचं, ते मी कबूल करते.

वामनराव सर मात्र नेटाचे. एके दिवशी दुपारी आले, म्हणाले, "भिमाबाई, शास्त्रानं पाहू. या संचात दुपारी काही येऊच शकत नाही." हेडफोन लावला. मी तेव्हा घरी होते, मला हे नंतर कळलं. सरांचा चेहरा आधी हसरा, मग विचारात, मग पांढरा. कागदावर त्यांनी आखूड-लांब मांडून घेतलं. म्हणाले, "आई असंच येतंय. पण हे आधीचे दोन... हे दोन पुस्तकात नाहीत." भिमाबाई म्हणाली, "ते कचरूचे हायेत." सर तसेच शाळेत गेले, कपाट उघडून दोन्ही गुणगुणे पाहिले. सुटे पडलेले, धूळ बसलेली. पुन्हा ते त्या घरी दुपारचे गेले नाहीत.

आणि गंमत म्हणा की काय म्हणा, मला एकटीलाच काही ऐकू यायचं नाही. मी तीनदा हट्टानं गेले. मावशीनं स्वतःच्या हातानं हेडफोन माझ्या कानाला लावला. बाराचे सव्वाबारा झाले, साडेबारा झाले. काही नाही. नुसती रक्ताची गूंऽऽ. मावशी माझ्याकडे पाहायची आणि मी लाजेनं खाली पाहायची. मला वाटे, कचरूदादा माझ्यावर रागावलाय. मी असले की तो येत नाही. मी रडले त्यासाठी, घरी जाऊन पांघरुणात तोंड खुपसून रडले.

अन्नपूर्णा सुकत चालली. दिवाळीनंतर तर बारा वाजले की ती काही तरी काम काढून घराबाहेर पडायची. पंजाबरावांचा निरोप आला, आखजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतो. मामा येऊन सासूच्या पाया पडला. भिमाबाई म्हणाली, "माह्या पोराची बायको हाये ते. पोरगा दारात उभा हाये अन् मी तिले दुसऱ्या घरी धाडू?" मामा तसाच परत गेला.  अन्नपूर्णेला मी एकदा विहिरीवर पाहिलं. बादली वर आली होती, आणि ही दोर हातात धरून तशीच उभी. मला म्हणाली, "अंबू, मेला असता तं रडली असती. हाये म्हणते तं हसली असती. मले काहीच करता येत नाही वं." एवढं लांब वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

संक्रांत आली. माझी माय वाण घेऊन शेजारी गेली होती. आमची शाळा सकाळची, साडेअकराला सुटायची. मी घरी येऊन भाकर खाल्ली, दिवाळीचा हिरवा परकर सणाचा म्हणून घातला होता, आणि नेहमीप्रमाणे माझी पट्टी काढली. नेहमीप्रमाणे! माय दुपारी कधी घरी नसायची, तेव्हाच तर माझं राज्य. पट्टी परसात कपडे वाळत घालायच्या तारेवर टांगायची, म्हणजे चाप हाताच्या उंचीवर येतो. टिच्, टिच्, टिच्, सगळी बटणं बसवली. आणि धडा गिरवायला लागले. टक्-टक्. थांब. आखूड, लांब. आखूड, आखूड. दुसरा धडा मावशीनं अजून दिलाच नव्हता. म्हणायची, हात बसू दे.

मागं काही तरी पडलं. वळून पाहिलं तर अन्नपूर्णा. मायचा झंपर द्यायला आली होती, तो तिच्या हातातून मातीत पडला होता. ती माझ्या बोटाकडे पाहत होती.

"काय करून राह्यली वं तू?"

"आई," मी म्हटलं. "धडा."

"रोज करतेस?"

"हो. रोज जेवण झालं की."

ती खाली बसली. मला वाटलं भोवळ आली. मी पाणी आणायला निघाले तर माझा हात धरला, इतका जोरात की बांगडी पिचली. म्हणाली, "मी घरी जाते. तू शंभर मोज. मंग आई नको वाजवू. नुसते पाच आखूड वाजव. पाच. समजलं?" आणि पळाली. मी तिला कधी पळताना पाहिलं नव्हतं.

मी शंभर मोजले. मला अजून काही समजलं नव्हतं, खरंच सांगते.  पाच वाजवायला बोट ठेवलं, आणि हात आपोआप आधी टक्-टक् करून गेला. सवय ती. मग पाच वाजवले, आणि पट्टी तशीच टाकून मावशीच्या घरी धावले.

हे शास्त्र मला पुढं कॉलेजात कळलं, तुम्हाला आत्ताच सांगते. गुणगुण्याची जीभ हलते तेव्हा दर वेळी बारीक ठिणगी पडते. प्रत्येक ठिणगी म्हणजे रेडिओची एक लहानशी लाट. नुसता गुणगुण्या दहा पावलांपलीकडे जाणार नाही. पण मी तो टांगला होता लांब तारेवर, आणि दोन गल्ल्या सोडून कडुनिंबाला दुसरी लांब तार बांधलेली होती. मी हाक मारत होते. मावशी ऐकत होती. मी तिच्यापाशी बसले की हाक मारायला घरी कुणी नसायचं. एवढंच होतं ते.

मी पोचले तेव्हा हेडफोन भिमाबाईच्या गळ्यात होता. अन्नपूर्णा भिंतीला टेकून उभी, वर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. 

"पाच आले," भिमाबाई म्हणाली. "दार वाजवून पाच आले."

मी म्हटलं, "मावशी, मला नव्हतं माहीत." आणि रडायला लागले.

अन्नपूर्णा माझ्यासमोर बसली. तिचे डोळे मी आजही विसरले नाही. वाळत घातलेल्या दाण्यांकडे चिमणी पाहते तसे. म्हणाली, "श्रावणापासून तूच?"

"हो."

"इथं आलीस ते तीन दिवस सोडून एकही दिवस नागा नाही?"

"नाही."

"दिवाळीत? दिवाळीचे पंधरा दिवस रोज आलं होतं. मी सोता कानाले लावून ऐकलं. तवाही तूच ना?"

मी मान हलवली. हो म्हणून. त्या मानेबद्दल मला पुढं सांगायचं आहे.

भिमाबाई माझ्याकडे पाहत होती. तोंडाकडे नाही, परकराकडे. हिरवा परकर, खाली आंब्याची किनार, तिनंच शिवलेला. बराच वेळ पाहिलं. मग अन्नपूर्णेकडे पाहिलं. पोर श्वास धरून बसली होती. भिमाबाईनं गळ्यातला हेडफोन काढला, त्याची तार नीट गुंडाळली.

"हेच होती तं," ती म्हणाली. "झालं मंग. पोट्टीचा खेळ होता."

खण उघडला, बॉबिन बाजूला केली, कागद काढला, सही केली. पूर्ण नाव, सावकाश, एकेक अक्षर ओळीत. मग सुनेला म्हणाली, "तुह्या मामाले कळव. आखजी कशाले पाह्यजे, माघातच होऊ दे." तेव्हा अन्नपूर्णा रडली. दोन वर्षांचं सगळं एकदम रडली, नवऱ्याचं नाव घेऊन रडली. भिमाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, शिवलेल्या कापडावरून सुरकुती काढावी तसा. तिच्या स्वतःच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

माघात लग्न झालं, साधंच. पंजाबराव आणि अन्नपूर्णा एस.टी.नं हिवऱ्याला निघाले. गाडी सुटताना अन्नपूर्णेनं खिडकीतून माझा हात घट्ट दाबला. म्हणाली, "तुह्यामुळं सुटली वं." गाडी गेली. धूळ बसली. मी आणि मावशी घराकडे चालायला लागलो. ऊन चढलं होतं. अर्ध्या वाटेवर ती एकदम म्हणाली,

"वडनेरले मामीनं लाडू कशाचे केलते?"

माझे पाय जागीच थांबले.

हीच ती मान. दिवाळीचे पंधराही दिवस मी लोणारात नव्हते. मामाच्या गावी होते, वडनेर भोलजीला, साठ मैलांवर. पट्टी माझ्यासोबत पिशवीत होती, मामेभावंडांना दाखवायला नेलेली. शाळेचे दोन्ही गुणगुणे सरांच्या कुलुपात, सुटे. अन्नपूर्णेनं विचारलं तेव्हा मला हे आठवत होतं, चांगलं आठवत होतं. पण तिचे ते डोळे पाहून माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

"तुले... तुले माहीत होतं?" मी म्हटलं. रागात, भीतीत मला अशीच वऱ्हाडी येते.

"परकर कोनं शिवला? सकाळच्या गाडीनं वडनेरले जायचं म्हणून तुही माय माह्या उरावर बसली होती. एका बैठकीत शिवला."

"मंग दिवाळीत कोण होतं?"

ती चालत राहिली. मी मागं धावले. "मावशी, मंग सही काऊन केली? तो असन तं?"

तेव्हा ती थांबली. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी ओठाच्या कोपऱ्यातूनच बोलली. "असन तं असू दे. मी हाये ना त्याले. मी माय हाये, मी बसीन ऐकत जलमभर. त्या पोरीनं काऊन बसावं? तिले कधी सांगू नको बरं. तिचा जीव मांग अडकीन." मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. "अन् एक कर. आता दुपारचं वाजवत नको जाऊ. मंग मले समजत नाही, तू हाये का तो हाये."

मी पुन्हा कधी दुपारी वाजवलं नाही. पट्टीचं एक बटण काढून तिच्याच हातात दिलं, म्हणजे मोहच नको.

भिमाबाई त्यानंतर अकरा वर्षं जगली. रोज बाराला तिची मशीन थांबायची. गल्लीला सवय झाली, लोक त्यावर घड्याळ लावायचे. अन्नपूर्णेला तीन लेकरं झाली, थोरला दरवर्षी या आजीकडे यायचा, तिच्या हातचे सदरे घालून जायचा. मी कॉलेजातून सुट्टीला आले की जायची. एकदा धीर करून विचारलं, "येते का वं मावशी अजून?" तिनं हात वर केला, थांब. हेडफोन कानाला होता. मग अंगुस्तानाचं बोट उचललं आणि मशीनवर हलकेच टक्-टक् केलं. तिच्या तोंडावर इतकं सुख होतं की मी तशीच उठून बाहेर आले.

एक सांगते, मी शास्त्र शिकलेली बाई आहे. ठिणगी कुठलीही चालते. विहिरीवरचं इंजिन, बिघडलेली मोटार, दूरची वीज, सगळ्यांची खरखर त्या हेडफोनात येऊ शकते. हे मी मुलांना फळ्यावर शिकवलं आहे. पण इंजिन आधी दार वाजवत नाही.

तो हेडफोन आता माझ्याकडे आहे. भिमाबाईनं जाताना माझ्याच नावानं ठेवला होता, सोबत ते एक टिचबटण. तार आहे, क्रिस्टल आहे, परसात कडुनिंबही आहे. जोडायला पाच मिनिटं लागतील. पण मी दुपारी तो कानाला लावत नाही. काही आलं नाही तर वाईट वाटेल, ते मी सोसेन. पण आलं तर? दार वाजलं, आणि त्यानं पुन्हा "आई" म्हणून हाक मारली तर? ती आता नाही, हे त्याला कुणी सांगायचं?